पट्टीचा मान

इतर घरांत सकाळी आधी माणसं उठतात आणि मग त्यांच्यासमोर प्रश्न उभे राहतात. या घरात प्रश्न आधी उठत.

"तेरा साते?" न्हाणीघरातून आवाज आला.

"एक्याण्णव," थोरलीने रिबीन दातांत धरूनच सांगितलं. तिला श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही.

"आणि धाकटे, तू. आठ सक?"

धाकटीचा एक मोजा पायात होता आणि एक हातात. तिने मोज्याचा हात गुपचूप पाठीमागे नेला आणि बोटं चालू झाली. घात असा झाला, की तिच्या मागच्या भिंतीवर आरसा होता आणि न्हाणीघराचं दार उघडं होतं. गालावर दाढीचा फेस तसाच घेऊन बाबा बाहेर आले, तिचा हात ओढून पुढे आणला आणि कानाखाली अशी वाजवली, की फेसाचा गोळा उडून तिच्या केसांत जाऊन बसला.

"गणिताच्या मास्तरची मुलगी बोटं मोजते. शेजाऱ्यांना कळलं तर ओळख दाखवणार नाहीत मला."

"अहो, शाळेची वेळ झालीय," आई म्हणाली. ती लोकांचे कपडे शिवून द्यायची. शिलाई मशीनचं चाक थांबलं, पण ती उठली नाही. बाबा आत गेल्यावरच उठली, चिंधीने धाकटीच्या केसांतला फेस पुसला आणि म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच मारतात गं ते."

यातली भयंकर गोष्ट म्हणजे, आईला ते खरंच वाटत होतं. बाबांनाही वाटत होतं. या घरात दुष्ट असं कुणी नव्हतंच. सगळे भल्यासाठीच चालले होते.

शाळा रस्त्याच्या टोकाला होती. फाटकाच्या अलीकडे ते बाबा असत आणि पलीकडे सर. धाकटी एकदा वर्गात चुकून "बाबा" म्हणाली होती, त्याबद्दल तिला दोन पट्ट्या मिळाल्या होत्या. चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसत, कारण दुसऱ्या खोलीचं छत खाली यायच्या बेतात होतं. त्यामुळे उजव्या बाजूला पाचवीतली थोरली, डाव्या बाजूला चौथीतली धाकटी, आणि मधल्या वाटेने येरझाऱ्या घालणारे सर.

टेबलावर पट्टी असे. जाड लाकडाची, एका कडेला पितळेची किनार बसवलेली. ती आडवी मारली तर आग व्हायची आणि उभी मारली, म्हणजे किनारीने, तर दिवसभर पेन्सिल धरवत नसे. पण ती सर क्वचितच मारत. त्या शाळेत एक जुनी, सगळ्यांना फार आवडणारी रीत होती. तिला म्हणायचे पट्टीचा मान.

ज्याचं उत्तर बरोबर, त्याने ऐटीत टेबलापाशी जायचं, पट्टी उचलायची आणि ज्यांचं चुकलं त्या सगळ्यांच्या हातावर मारत फिरायचं. पालक एकमेकांना सांगत, "आज आमच्याला मान मिळाला बरं का." सरांनी या रीतीमागे तत्त्वज्ञानही बसवलं होतं. ते म्हणत, "मी मारलं तर मुलं मला घाबरतील. मुलांनीच मुलांना मारलं, तर ती अज्ञानाला घाबरतील." हे वाक्य ऐकून मुख्याध्यापकांनी एकदा टाळी दिली होती.

मान बहुतेक वेळा थोरलीकडे जाई. ती मारायचीही चांगली. मागच्या बाकावरचा भोंगा, ज्याचा आवाज फाटकापर्यंत जायचा, तो म्हणायचा, "सरांची चालेल, पण हिची नको." मात्र धाकटीसमोर आली की थोरली एक युक्ती करी. धाकटीचा हात खालून धरायचा आणि आपला अंगठा हळूच वर आणून ठेवायचा. पट्टी पडायची ती स्वतःच्या अंगठ्यावर. आवाज फक्कड यायचा आणि धाकटी अशी विव्हळायची, की एखाद्या नाटकवाल्याने तिला तिथल्या तिथे उचललं असतं. घरी येताना दोघी त्यावर पोट धरून हसत. थोरलीच्या अंगठ्याचं नख कायम काळं असे. आईने विचारलं की ती सांगे, शाई.

त्या वर्षी वरून वाचनाचे आणि गणिताचे नवे निकष आले. मुलाने कधी न पाहिलेला उतारा वाचावा आणि काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत सांगावं. गणिताचं उत्तर कसं काढलं, तेही सांगावं. शिक्षकांना हे जमावं म्हणून एक प्रशिक्षक बाई आल्या. पिशवीत बटणं, दोऱ्या, चित्रांचे तुकडे.

"असे निकष दर दोन-चार वर्षांनी येतात, पाहुण्यांसारखे," भाषेच्या बाई शिक्षकखोलीत म्हणाल्या. "बसवायचं, पाणी द्यायचं, जातात आपले. म्हणे स्वतःचे शब्द. मुलांना अजून माझेच शब्द धड पाठ नाहीत."

सगळे हसले. गणिताचे सरही हसले, पण त्यांना तेवढं हसू आलं नाही. कारण मुख्याध्यापकांची सभेतली रीतही जुनीच होती. ज्याचा वर्ग मागे, त्या शिक्षकाने सभा संपेपर्यंत उभं राहायचं. यंदा सर उभे राहत होते. बाकीचे बसलेले, चहा पिणारे, आणि हे खांबासारखे. "सर, गुडघे दुखत असतील तर पोरांना पाढे शिकवा," मुख्याध्यापक म्हणत आणि खोली खिदळे. त्या सभेतून सर थेट वर्गात येत. त्या दिवशी ज्यांचं बरोबर असे, त्यांनाही मार बसे.

प्रशिक्षक बाई पहिल्यांदा वर्गात आल्या, तेव्हा टेबलावर बटणं मांडायला जागा नव्हती. त्यांनी ती पट्टी उचलून बाजूला ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना जे तपासायचं होतं त्यात वाचन होतं, गणित होतं, पट्टी नव्हती. मग त्यांनी एक सोपा भागाकार घातला आणि डावीकडे पाहून विचारलं, "तू सांग बरं."

"सहा," धाकटी पुटपुटली.

"बरोबर. कसं काढलंस?"

धाकटीने लगेच तळहात पुढे केला.

बाई खूश झाल्या. "बोटांवर काढलंस? वा. बोटं ही देवाने दिलेली पाटीच की."

बाई कशाबद्दल वा म्हणतायत हे कुणालाच कळेना, आणि बाईंना तो हात कशासाठी पुढे आला हे कळलं नाही.

तास संपल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "फार काही वेगळं नाही करायचं, सर. कसं काढलंस हे विचारायचं आणि थांबायचं. मूल गप्प असतं तेव्हा ते विचार करत असतं."

सरांनी मान डोलावली. ती खोटी नव्हती. त्यांना हे खरंच करायचं होतं, सभेत बसायचं होतं. त्या संध्याकाळी घरी ते मान खाली घालून लिहीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला एक उतारा लिहून दिला आणि पाठ करायला लावला. नमुन्याचं गणित होतं, छत्तीस पेन्सिली चार मुलांत सारख्या वाटा. आणि 'स्वतःच्या शब्दांत' उत्तर होतं: "मी माझ्या मनाने असा विचार केला की, चारचा पाढा आठवावा. चार नवे छत्तीस. म्हणून मला असे वाटते की, प्रत्येकाला नऊ पेन्सिली मिळतील."

सगळ्या वर्गाने एका सुरात माझ्या मनाने असा विचार करायला सुरुवात केली. भोंग्याचा विचार तर रस्त्यापर्यंत ऐकू जाई. जो 'माझ्या मनाने' विसरे त्याला एक आडवी. जो 'मला असे वाटते' विसरे त्याला दोन.

धाकटी रोज विसरे. एके दिवशी तिने धीर करून सांगितलं, "सर, पण मी असा विचार नाही केला. मी वेगळा केला."

"पट्टी उभी मार," सर थोरलीला म्हणाले.

थोरलीने अंगठा वर घेतला. किनार नखात घुसली आणि रक्त आलं. धाकटी नेहमीसारखी विव्हळली, पण त्या दिवशी घरी जाताना कुणी हसलं नाही.

मग आला दाखवायचा दिवस. दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला आले. मागच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. मुख्याध्यापक पुढे खुर्चीत. सरांच्या शर्टाला आईने अशी इस्त्री केली होती, की बाहीच्या घडीने बोट कापलं असतं. सरांनी छत्तीस पेन्सिलींचं गणित घातलं. भोंगा उभा राहिला आणि एका दमात माझ्या मनाने असा विचार करून खाली बसला. पाहुण्यांनी कौतुकाने माना हलवल्या. प्रशिक्षक बाई तेवढ्या हलल्या नाहीत.

"मी एक घालू?" त्यांनी विचारलं आणि फळ्यावर लिहिलं: अडतीस मुलं सहलीला निघाली. एका गाडीत नऊ मावतात. किती गाड्या?

भोंग्याने पुन्हा हात वर केला. "मी माझ्या मनाने असा विचार केला की, चारचा पाढा आठवावा. चार नवे छत्तीस. म्हणून मला असे वाटते की, प्रत्येकाला नऊ पेन्सिली."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या मुलीला विचारलं. तिच्याही सहलीत पेन्सिलीच होत्या. तिसऱ्याच्याही. सरांच्या मानेवर घाम दिसू लागला. त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"चार. बाकी दोन," थोरली म्हणाली.

"शाब्बास," सर म्हणाले आणि त्यांनी श्वास सोडला.

"म्हणजे चार गाड्या?" बाईंनी विचारलं.

थोरली सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

डावीकडे धाकटीची बोटं चालू होती, आणि आज ती पाठीमागे नव्हती. अंगठा, नऊ. पुढचं बोट, अठरा. मधलं, सत्तावीस. त्याच्या शेजारचं, छत्तीस. मग ती अडली, करंगळी तिने अर्धी उचलली, फळ्याकडे बघितलं आणि ताठ केली.

"पाच," ती म्हणाली. "दोघं उरतात ना. त्यांना काय रस्त्यावर सोडून जायचं?"

सगळी खोली हसली, पण हे हसणं वेगळं होतं, अंगावर मायेने हात फिरवावा तसं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या. ती कानापर्यंत लाल झाली.

"चूक," सर म्हणाले. सवयीने निघून गेलं ते. "भागाकार चार येतो."

"सर, तिचं बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या.

मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. "तुमची लेक तुम्हालाच शिकवायला लागली की हो. पुढच्या सभेला तिलाच खुर्ची देऊ. तुम्हाला उभं राहायची सवय आहेच."

पाहुणे हसत हसत चहाला गेले. बाईही गेल्या. सरांनी दार लावलं आणि कडी घातली.

"कुठल्या बोटावर पाच मोजलंस?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता.

धाकटीला वाटलं, बाई विचारतात तसंच आता सरही विचारतायत. तिने आनंदाने करंगळी दाखवली.

"वर्गात बरोबर उत्तर कुणाचं होतं? चार, बाकी दोन. कुणाचं?" सरांनी पट्टी थोरलीपुढे धरली. "घे मान. त्याच बोटावर. उभी."

थोरली आली. तिने खालून हात धरला, अंगठा वर सरकवला, आणि सरांना तो दिसला. इतकी वर्षं न दिसलेला तो काळा अंगठा. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन गेलं. समोरच्या बाकांवरच्या मुलांनी ते पाहिलं. ती दया नव्हती. आपल्याला घरातल्यांनीही फसवलं, असं ते होतं.

"अंगठा काढ."

"सर, नको."

"काढ."

"बाबा, नको ना."

त्या शब्दाबरोबर थोरलीच्या कानशिलावर अशी बसली, की ती बाकाच्या कडेवर आदळली. सरांनी धाकटीचं मनगट धरून हात टेबलावर दाबला. करंगळी एकटी बाहेर काढली. "एकच मार. पण नीट मार, नाहीतर मी मारीन आणि मोजणार नाही."

थोरलीने कडी घातलेल्या दाराकडे पाहिलं. वर्गाकडे पाहिलं. सगळ्या माना खाली होत्या. कानात घंटा वाजत होती. आणि हे लिहायलाच हवं, की तिने मारलं. घाबरून, डोळे मिटून, जोरात मारलं.

पेन्सिल मोडावी तसा आवाज झाला. धाकटी आपल्या करंगळीकडे बघत राहिली. ती भलत्याच दिशेला वळली होती.

दार ठोठावलं गेलं. प्रशिक्षक बाई बटणांची पिशवी विसरल्या होत्या. कुणीतरी कडी काढली. बाईंनी टेबल पाहिलं, सरांना पाहिलं, धाकटीचा हात पाहिला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळून विचारलं, "हे कसं झालं?"

बाईंनी 'कसं' विचारलं म्हणून त्या मुलीने घाईघाईने तळहात पुढे केला.

तेव्हा बाईंना कळलं, की पहिल्या दिवशी पुढे आलेला हात बोटं मोजून दाखवायला आला नव्हता. त्यांनी धाकटीला उचलून घेतलं आणि दवाखान्याकडे धावल्या.

आई तिथेच आली, ब्लाउजला टाचण्या तशाच लागलेल्या. डॉक्टरांनी तिला आत घेतलं. "कसं मोडलं?"

"दारात सापडलं," आई म्हणाली. विचार न करता, जसं सर 'चूक' म्हणाले होते तसं.

डॉक्टर मान वर न करता प्लास्टर भिजवत होते. "त्या शाळेची दारं बदलायला सांगा. मागे एका मुलाचा कान सापडला होता त्यात."

आईने फरशीकडे बघितलं. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. आत काय सांगितलं गेलं हे त्यांना ऐकू आलं, आणि त्या उठून आत गेल्या नाहीत.

घरी त्या संध्याकाळी पाढे झाले नाहीत. बाबा जेवले नाहीत. ते धाकटीच्या अंथरुणाशी येऊन बसले आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट तिला दाखवलं. ते पुरतं सरळ होत नसे. "हे बघ. माझ्या गुरुजींनी मोडलं होतं, तुझ्याएवढा असताना. आज एकोणतीसपर्यंत पाढे पाठ आहेत." हे ते नेहमी अभिमानाने सांगत. आज आवाज कापला. आईने लग्नापासून ते बोट पाहिलं होतं. पण ती एक जखम आहे, हे तिच्या आजच लक्षात आलं.

मग थोरली कंगवा घेऊन आली. प्लास्टरमुळे धाकटीला केस विंचरता येत नव्हते. तिने केसांकडे हात नेला, आणि धाकटीने झटकन कोपर उचलून तोंड झाकलं.

आजवर त्या घरात धाकटीने तो कोपर फक्त बाबांसाठी उचलला होता.

थोरली कंगवा धरून तशीच उभी राहिली. "मी विंचरायला आलेय गं."

"माहितीये," कोपरामागून आवाज आला. "पण हात आपोआप वर गेला."

मशीनपाशी बसलेल्या आईने हे सगळं पाहिलं.

पुन्हा शाळा भरली तेव्हा टेबलावर पट्टी होतीच. मुख्याध्यापक म्हणाले होते, दाराचं प्रकरण मिटलं. सरांनी सतराचा पाढा विचारला. तिघांचं चुकलं. थोरलीचं बरोबर आलं.

"ये, घे मान."

"नको."

"काय म्हणालीस?"

"उत्तर येतं मला. मान नको."

सरांनी तिला ओढून पुढे आणलं आणि पट्टी आडवी मारली. मग पुढचा प्रश्न. तिने बरोबर सांगितला. "घे." "नको." पुन्हा पट्टी, या वेळी पाठीवर. पुन्हा प्रश्न. पुन्हा बरोबर. चुकीचं सांगून ती सुटू शकली असती, मान दुसऱ्याकडे गेला असता. पण तसं केलं तर दुसऱ्याच्या हातून आणखी कुणाचं बोट मोडेल, एवढा हिशेब तिला येत होता. त्या वर्गात पहिल्यांदाच मान नाकारल्याबद्दल मार बसत होता. पट्टी उभी झाली. थोरलीच्या बाहीवर रक्ताची रेघ उमटली. ती उत्तर देत राहिली आणि नको म्हणत राहिली. शेवटी शेवटी नुसतंच नको ऐकू येत होतं.

धापा टाकत सरांनी पट्टी भोंग्यापुढे धरली. "तू घे. मार हिला."

भोंग्याने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. त्याच्या शेजारणीने हात खाली दाबले. मग पुढच्या बाकाने.

सरांनी पट्टी भिरकावली. ती थोरलीच्या भुवईवर लागली आणि तिचा एक डोळा रक्ताने झाकला गेला. शिक्षकखोलीतून आवाजाने धावत आलेल्या प्रशिक्षक बाई मध्ये शिरल्या, तेव्हा सरांचा उगारलेला हात त्यांच्या खांद्यावर पडला. मग मात्र हात थांबला. मोठ्या माणसाला लागलं की तो थांबतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. आईला बोलावणं गेलं. ती आली, थोरलीची भुवई पाहिली आणि तिला जवळ ओढून उभी राहिली. धाकटी प्लास्टरचा हात पोटाशी धरून कोपऱ्यात.

"मॅडम, तुम्हाला वाचन आणि गणितासाठी पाठवलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "शिस्त आमची आम्ही बघू."

"पहिल्या दिवशी ती पट्टी मीच बाजूला सरकवली," बाई म्हणाल्या. "माझी बटणं ठेवायला. दवाखान्यात 'दारात सापडलं' हे ऐकलं आणि बाकावर बसून राहिले. माझं काम नाही म्हटलं. इथल्या मुलाला प्रश्न विचारला की ते हात पुढे करतं, सर. त्याला मी कसलं स्वतःच्या शब्दांत बोलायला शिकवू? प्रत्येक वर्गातली पट्टी जाईपर्यंत इथे एकही निकष पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही. वर विचारलं तर हेच सांगीन. आणि तुमच्या सभेत शिक्षकांना उभं करता, तेही सांगीन."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "सांगा की. मूळ प्रकरण काय, बोट. ते दारात सापडलं, आईनेच सांगितलंय. हो ना हो, वहिनी?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. सरांनी सगळ्यांत जास्त.

आईने थोरलीच्या काळ्या अंगठ्यावरून आपलं बोट फिरवलं. शाई ओल्या फडक्याने निघते, हे शिवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

"दार नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. यांनी हिचा हात दाबून धरला आणि माझ्या मोठीकडून माझ्या लहानीचं बोट मोडून घेतलं."

"अगं, नोकरी जाईल माझी," सर म्हणाले. आवाज बाबांचा होता.

"जाईल," आई म्हणाली. "तुमचं बोट मोडलं तेव्हा तुमची आईही दारच म्हणाली असेल. तेव्हा खरं बोलली असती, तर आज हिचा हात शाबूत राहिला असता."

सर खुर्चीवर बसले. त्या खोलीत त्यांना कुणी उभं केलं नव्हतं आणि कुणी बसायलाही सांगितलं नव्हतं. ते बसले, आणि आपला उजवा हात त्यांनी दुसऱ्या हाताखाली झाकला.

"चला," आई बाईंना म्हणाली. "डॉक्टरांना खरं सांगून यायचंय. हिची भुवईही शिवून घ्यायचीय. तुम्ही बरोबर या, म्हणजे मी फिरणार नाही माझ्या शब्दावरून."

"येते," बाई म्हणाल्या. "आणि आज आत येते."

फाटकाबाहेर ऊन लख्ख होतं. आई आणि बाई भराभर पुढे चालल्या. त्यांच्यामागे धाकटी. थोरली बरीच मागे राहिली होती, भुवईवर फडकं दाबून, एका डोळ्याने रस्ता बघत. तिला जवळ जायचं धाडस होत नव्हतं. आपला हात पाहून तो कोपर पुन्हा वर गेला तर, या भीतीने तिने दोन्ही हात फडक्याला लावून ठेवले होते.

धाकटीने वळून पाहिलं. तिने हात पुढे केला नाही. पण ती थांबली, आणि थोरली तिच्याजवळ येईपर्यंत थांबून राहिली.